जुन्या सोन्यातून हाताने घडवलेल्या दागिन्यांचं प्रदर्शन लावतेय, बोर्डावर 'एथिकल गोल्ड' लिहू का?

सोनकडी_नागपूर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून लिहिते.

मी त्रिमूर्तीनगरला राहते आणि घरीच सोन्याचे दागिने घडवते. सासरे इतवारीच्या सराफ्यात चाळीस वर्षं बसले, त्यांच्या हाताखाली शिकले. कास्टिंग नाही, मशीनची चेन नाही, पत्रा ठोकायचा, जंत्रीतून तार ओढायची, मणी घडवायचे, सगळं हातानेच. डोरलं, एकदाणीचे मणी, कुड्या, अंगठ्या असे छोटे छोटे नग. सोनं बहुतेक ओळखीच्या घरांतलं जुनं असतं, कोणाच्या आजीची तुटकी पाटली, कोणाचा एकच उरलेला झुमका, ते वजन करून विकत घ्यायचं, गाळायचं आणि त्यातून नवीन करायचं. सध्या 34 नग तयार आहेत.

माझी मावसबहीण इंग्लंडात बर्मिंगहॅमला असते, तिथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये तिचं दागिने घडवायचं छोटंसं बेंच आहे, ती फेअरट्रेडचं सोनं वापरते, म्हणजे पेरूमधल्या छोट्या खाणकामगारांच्या संस्थांकडून योग्य भाव देऊन घेतलेलं. ती म्हणते की मी माझे 9 नग घेऊन येते, दोघी मिळून नागपुरात प्रदर्शन लावू, बोर्डावर 'एथिकल गोल्ड' लिहू. मला कल्पना खूप आवडली, पण भीतीही वाटते, कारण मागच्या वर्षी एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता तिथे एका काकूंनी विचारलं, एथिकल म्हणजे कमी कॅरेटचं का गं? आणि मला दोन वाक्यांत सांगताच आलं नाही. आयोजकांनी टेबल दाराजवळ दिलं होतं, गर्दीत एक कुडी पण गेली, ती शेवटपर्यंत सापडली नाही.

तर विचारायचं असं की बोर्डावर काय लिहावं, बहिणीचे दागिने आणता येतात का, जागा कुठली आणि महिना कुठला घ्यावा, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे गिऱ्हाईक आल्या आल्या 'आजचा भाव काय, घडणावळ किती टक्के' असंच विचारतं, त्याला खाणीची गोष्ट कशी सांगायची. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

इतवारीचा_नाना

पोरी, पहिले तर तुह्या सासऱ्याले नमस्कार सांग. हातानं पत्रा ठोकणारे आता इतवारीत बोटावर मोजण्याइतके राह्यले, आमच्या पेढीवर बंगाली कारीगर होते तेही कास्टिंगच्या कारखान्यात गेले. तू हे काम करून राह्यली याचा मले लय आनंद हाय.

आता बोर्डाचं सांगतो. 'एथिकल' शब्द लिहू नोको. तुह्या बहिणीचं सोनं खाणीतून हिशेबानं आलेलं हाय, तुह्यं सोनं लोकाइच्या कपाटातून आलेलं हाय, ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. दोन्ही चांगल्या, पण एका शब्दाखाली ठेवल्या तं गिऱ्हाइकाले वाटते तुह्या चौतीसही नगांचं सोनं पेरूच्या खाणीतलं. ते खोटं झालं का नाही? तुह्या मनात खोट नसली तरी वाचणारा तसंच समजते. त्यापेक्षा सरळ लिही, 'जुन्या सोन्यातून हातानं घडवलेले दागिने'. आपल्या मराठी माणसाले हे लगेच समजते, कारण प्रत्येक घरात आजीची पाटली मोडून नातीचं मंगळसूत्र झालेलं हाय.

त्या काकूले सांगायचं का हॉलमार्क सांगते सोनं किती शुद्ध, कुठून आलं ते हॉलमार्क सांगत नाही. हॉलमार्कमंदी तीन गोष्टी असतात, बीआयएस म्हंजे भारतीय मानक ब्युरोची खूण, कॅरेट म्हणजे 22K916 असं, आन् सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हंजे त्या नगाचा स्वतःचा ओळख नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमंदी टाकला का दागिना कोण्या सराफानं दिला, कोण्या सेंटरवर तपासला ते दिसते, पण खाण दिसत नाही. म्हणून खाणीची गोष्ट वेगळ्या कागदावर लागते.

तुही उलाढाल वर्षाले 40 लाखाच्या आत असंन तं हॉलमार्कची सक्ती नाही, 2 ग्रॅमच्या आतल्या नगालेही नाही. तरी माह्यं ऐकशीन तं रजिस्ट्रेशन करून घे आन् हॉलमार्क मारूनच ठेव. तू नवी हायस, घरून काम करते, लोकं तुह्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवतीन? नगामागे शंभर रुपयेही लागत नाही.

आन् एक गोष्ट, जुनं सोनं गाळताना सांभाळ. आमच्या वेळेस जोड लावाले केडीएमचा डाख सर्रास चाले, त्यात कॅडमियम असते, भट्टीत तापलं का त्याचा धूर होते आन् तो छातीत जाते. माह्या पेढीवरचा एक कारीगर पंचेचाळिशीतच दम्यानं खाटेवर पडला. तेव्हा आम्हाले कोणी सांगितलं नाही, आन् आम्हीही विचारलं नाही, याचं मले आजही वाईट वाटते. जुन्या दागिन्यात तो डाख असू शकते, तं मूस चढवाच्या आधी डाखाचे जोड कापून बाजूले काढ, एक्झॉस्ट पंखा लाव, नुसता रुमाल बांधून काही होत नाही. खाणीतल्या माणसाची काळजी करतो तं बेंचवरच्या माणसाचीही करा लागते, आन् तुह्या घरी तं तो माणूस तूच हाय.

दगडवाचक

नानांचं कॅडमियमचं अगदी बरोबर, ते वाचून मला राहवलं नाही म्हणून खाणीकडची बाजू सांगतो, माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं, काही वर्षं कर्नाटकात सोन्याच्या पट्ट्यात काम केलंय.

लोकांना हे सोनं वेगळं का, ते सांगायचं असेल तर पाऱ्यापासून सुरू करा. जगात सोन्याच्या छोट्या, हाताने चालवल्या जाणाऱ्या खाणींत दीड-दोन कोटी माणसं राबतात आणि जगातल्या नव्या सोन्यातलं साधारण 20 टक्के तिथून येतं. दगड दळतात, त्या चिखलात पारा मिसळतात, पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तो गोळा फडक्यात पिळतात आणि उघड्या आगीवर तापवतात, कितीतरी ठिकाणी तर घरच्या चुलीवरच. पारा उडून जातो, सोनं खाली राहतं. उडालेला पारा आधी त्या बाईच्या नाहीतर पोराच्या फुफ्फुसात जातो, नंतर नदीत, नदीतून माशांत आणि तिथून पुन्हा माणसाच्या पोटात. हात थरथरतात, विसरायला होतं, पोटातल्या बाळावर परिणाम होतो. माणसामुळे हवेत जितका पारा जातो त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त या छोट्या खाणींतून जातो, कोळशापेक्षाही जास्त. यासाठीच 2013 मध्ये पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार झाला, भारत त्यात 2018 ला आला.

आता फेअरट्रेड काय करतं, तर खाणकामगारांची संघटना असायला हवी, बालमजुरी नको, पारा आणि सायनाइड हाताळायचे कडक नियम, सोन्याला जागतिक भावाच्या किमान 95 टक्के भाव, आणि वर किलोमागे 2,000 डॉलर प्रीमियम, जो गावाची शाळा, पाणी, यंत्रं यासाठी ते लोक स्वतः ठरवून वापरतात. फेअरमाइन्ड नावाचं दुसरं प्रमाणपत्र आहे, त्यात प्रीमियम 4,000 डॉलर आणि पारा-सायनाइड काहीच न वापरता काढलेल्या सोन्याला 6,000. पण एक लक्षात ठेवा ताई, फेअरट्रेड म्हणजे पारामुक्त असं नाही, पारा कमी करत नेणं आणि त्याची वाफ बंद भांड्यात पकडणं एवढी अट आहे. प्रदर्शनात कोणी 'म्हणजे पारा नसतोच ना' असं विचारलं तर हो म्हणून मोकळं होऊ नका.

2,000 डॉलर किलोला म्हणजे ग्रॅमला 2 डॉलर. 5 ग्रॅमच्या अंगठीमागे 10 डॉलर. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांना वाटतं नीतीचं सोनं म्हणजे दुप्पट भाव असणार. खाणकामगाराला जास्तीचा पैसा मिळतो तो एवढाच, बाकी महागाई थोडं थोडं सोनं वेगळं गाळण्याची आणि वेगळं सांभाळण्याची असते.

आणि आपल्या भागाचं एक सांगतो, ते प्रदर्शनात जरूर घ्या. वैनगंगेच्या खोऱ्यात बालाघाटकडे, आणि मंडलाकडेही, सोनझारी लोक पिढ्यान् पिढ्या नदीची वाळू लाकडी पाटीत धुऊन सोन्याचे कण काढत आले. इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांताच्या नोंदींतही त्यांचं वर्णन आहे. त्यांच्यातलेच कितीतरी लोक नंतर शहरात सराफ्याच्या गल्ल्यांची माती झाडून, धुऊन त्यातून सोनं काढायला लागले. नानांनी नक्की पाहिलं असेल. पेरू लांब आहे हो, पण हाताने सोनं काढणारा माणूस आपल्या नदीवरच होता, हे सांगितलं तर नागपूरकराला गोष्ट परकी वाटणार नाही.

मनीषनगर_42

मला एक प्रामाणिक शंका आहे, कोणाला दुखवायचं नाही. बाजारातलं सोनं तर एकत्रच गाळलं जातं ना, मग कुठल्या खाणीचं हे कोण कसं सांगणार? आणि जुनं सोनं नैतिक कसं, ते पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या तरी खाणीतूनच आलं असेल की, तेव्हा तिथे काय हाल होते कोणाला माहिती. मी मुलीच्या लग्नासाठी सोनं जमवतोय, 10 ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलाय, त्यात वर अजून पैसे द्यायचे म्हणजे मला कारण पटायला हवं.

दगडवाचक

@मनीषनगर_42 शंका अगदी रास्त आहे दादा. एकदा मिसळलं की सोन्यावरून खाण सांगता येत नाही, म्हणूनच प्रमाणपत्रवालं सोनं पहिल्यापासून वेगळं ठेवावं लागतं, वेगळं गाळायचं, वेगळ्या पावत्या. फेअरमाइन्डमध्ये तर दोन प्रकार सरळ मांडलेत, एकात सोनं शेवटपर्यंत वेगळं राहतं आणि शिक्का मारता येतो, दुसऱ्यात ते इतर सोन्यात मिसळतं पण तेवढ्या वजनाचे पैसे खाणीपर्यंत जातात, तिथे दागिन्यावर शिक्का मारता येत नाही.

जुन्या सोन्याचं म्हणाल तर तेही खाणीतूनच आलं, बरोबर. आपलं थोडंफार जुनं सोनं कोलारचंही असेल. कोलारच्या खाणी 1880 च्या सुमारास इंग्रजांनी सुरू केल्या, तीन किलोमीटरहून खोल गेल्या, 2001 मध्ये बंद पडल्या आणि सोनं काढायला वापरलेल्या सायनाइडच्या मातीचे डोंगर अजून गावाशेजारी उभे आहेत. जुन्या सोन्यामागे दुःख नव्हतं असं कोणीच म्हणू शकत नाही. पण ते वापरलं तर त्या वजनासाठी नवा दगड फोडावा लागत नाही. एक टन दगडातून दोन-चार ग्रॅम सोनं निघतं, म्हणजे 5 ग्रॅमच्या एका अंगठीमागे टन-दोन टन दगड वाचतो. ताईंनी एवढाच दावा करावा.

देशातली सोन्याची मोठी चालू खाण रायचूरकडची हट्टी, ती वर्षाला दीड टनाच्या आसपास सोनं देते, आणि आपण आयात करतो 700-800 टन. त्यामुळे आपल्याकडे 'माझं सोनं अमुक खाणीचं' असं छातीठोक सांगू शकणारा सराफ जवळजवळ नाहीच. जुन्या सोन्यात निदान घर तरी सांगता येतं.

सोनकडी_नागपूर

किती किती छान उत्तरं, मनापासून आभार. नाना, तुमचं वाचून सासऱ्यांना दाखवलं, ते गप्पच झाले, मग म्हणाले त्यांच्याही ओळखीत असा एक कारीगर होता. पंखा आजच सांगितला.

@मनीषनगर_42 दादा, तुम्ही जास्त पैसे द्यावेत असं माझं म्हणणंच नाही, मी जुन्या सोन्याचा भाव बाजारभावापेक्षा एक रुपयाही जास्त लावत नाही, घडणावळ मात्र हाताची असल्याने जास्त पडते कारण एका डोरल्याला दोन-अडीच दिवस जातात. ती मी टक्क्यांत न लावता नगावर लावते, कारण टक्क्यांत लावली तर सोन्याचा भाव वाढला की माझी मजुरी आपोआप वाढते आणि मी काम तर तेवढंच केलेलं असतं. हे योग्य आहे का, नाना?

बहिणीच्या नगांचं अजून कोणी सांगितलं नाही, कस्टमचं काय होतं ते माहिती असेल तर सांगा.

हिशेब_चोख

मी सीए आहे, लक्ष्मीनगरला प्रॅक्टिस. ताई, बहिणीचे नग आणू नका. कारण सांगते.

परदेशातून माल प्रदर्शनासाठी तात्पुरता आणायचा, ड्युटी न भरता, आणि तसाच परत न्यायचा, यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, आपल्याकडे त्याचं काम फिक्की ही उद्योजकांची संघटना पाहते. पण ती सवलत सरकारने किंवा आयटीपीओ या व्यापार मेळे भरवणाऱ्या सरकारी संस्थेने मान्य केलेल्या प्रदर्शनांसाठी आहे, दोघी बहिणींनी हॉल भाड्याने घेऊन लावलेल्या प्रदर्शनाला ती बसणं कठीण. आणि कार्नेटवरचा माल इथे विकता येत नाही. विक्रीसाठी आणायचा तर आयात परवाना, ड्युटी, वर इथे विकायला बीआयएसचा हॉलमार्क, तिकडचा ब्रिटिश हॉलमार्क कितीही जुना आणि नावाजलेला असला तरी आपल्या कायद्यात तो चालत नाही. प्रवासी म्हणून अंगावर स्वतःचा दागिना घालून येणं वेगळं, पण तोच दागिना काढून टेबलावर किमतीच्या चिठ्ठीसकट ठेवला की तो व्यापारी माल झाला, तिथे बहीण अडकेल. नऊ नगांसाठी तिला विमानतळावर उभं करू नका.

जीएसटीचं. दागिन्यांवर 3 टक्के, आणि कोणी आपलं सोनं आणून दिलं, तुम्ही फक्त घडवून दिलं तर मजुरीवर 5 टक्के. नुसत्या मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा 40 लाख, पण मजुरीचं काम ही सेवा धरली जाते आणि तिथे 20 लाख, तुम्ही दोन्ही करत असाल तर 20 च धरून चाला. आणि आता 10 ग्रॅम लाखाच्या वर म्हटल्यावर 40 लाख म्हणजे 400 ग्रॅमसुद्धा होत नाहीत, त्यामुळे मर्यादा लांब आहे असं समजू नका. घरून हॉलवर माल नेताना डिलिव्हरी चलन सोबत ठेवा, त्यावर प्रत्येक नगाचं वजन. निवडणुकीची आचारसंहिता असली तर रस्त्यात गाडी तपासतात, कागद नसला तर माल अडकतो, माझ्या एका क्लायंटचा अडकला होता आणि सोडवायला आठवडा गेला. 2 लाख आणि त्यावर रोख घ्यायची नाही, आणि 2 लाखांवरच्या बिलाला पॅन घ्यायचा.

जुनं सोनं ज्यांच्याकडून घेता त्यांची सही असलेली खरेदी पावती प्रत्येक वेळी करा, नाव, ओळखपत्र, वजन, टंच म्हणजे शुद्धता. ही पावतीच उद्या तुमच्या दाव्याचा पुरावा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असले मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. नानांनी अनुभवाने जे सांगितलं तेच कायदाही सांगतो.

धरमपेठवाली

मी गेली काही वर्षं हातमाग आणि हस्तकलेची प्रदर्शनं लावते, जागा आणि महिन्याचं मी सांगते.

मे तर विचारातही घेऊ नका, 45 अंशात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही आणि संध्याकाळी दोन तासांत काय विकणार. पितृपक्षात सोनं कोणी घेत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, त्या दिवशी इतवारी-महालकडून माल आणायचं ठरवू नका. दसऱ्याला दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत त्रिमूर्तीनगर, लक्ष्मीनगरकडून निघणंच अवघड. डिसेंबरात हवा छान असते पण हिवाळी अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्सला मोर्चे, बंदोबस्त, अर्धे रस्ते बंद, पाहुण्यांनी हॉटेलं भरलेली. दसरा झाल्यावर ते धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस, नाहीतर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, लग्नसराईची खरेदी चालू असते तेव्हा. मी असते तर फेब्रुवारी घेतला असता, कारण दिवाळीआधी लोक नाणी आणि मोठ्या पेढ्यांच्या ऑफरच्या मागे असतात, थांबून गोष्ट ऐकायला कोणाला वेळ नसतो.

जागा म्हणाल तर सिव्हिल लाइन्सचं चिटणवीस सेंटर चांगलं, पार्किंग आहे, येणारा वर्ग दागिन्यांवर वेळ देणारा आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं कलादालनही पाहा, तिथे लोक कला बघायच्या मनाने येतात, भाव विचारायच्या आधी नग बघतात. मोठ्या मैदानावरच्या कन्झ्युमर मेळ्यात मात्र सोनं घेऊन बसू नका, चादरी आणि लोणच्याच्या मधे तुमचं डोरलं कोणी पाहणार नाही आणि सुरक्षाही नाही.

कुडी गेली ते वाचून वाईट वाटलं. दाराजवळचं टेबल कधीच घेऊ नका, दोन बाजूंनी भिंत लागेल असा कोपरा मागा. एका वेळी गिऱ्हाइकासमोर एकच ट्रे, ट्रेला नंबर, ट्रेमध्ये खाचा मोजून, म्हणजे एक खाच रिकामी दिसली की लगेच कळतं. तीन माणसं हवीत, एक बोलणारं, एक बिल करणारं, एक फक्त बघणारं. विम्यासाठी ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी असते, पण प्रदर्शनातला माल त्यात आपोआप धरला जात नाही, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो, एजंटला हे आधी विचारा.

मांडणीसाठी काळं मखमल नको, ते सगळ्या पेढ्यांत असतं. आपल्या भंडाऱ्याकडचा कोसा घ्या, न रंगवलेला, त्याच्या मातकट पिवळ्यावर जुनं सोनं इतकं सुंदर दिसतं की विचारू नका. दिवे पिवळसर घ्या, पांढऱ्या दिव्यात 22 कॅरेट फिकं वाटतं.

इतवारीचा_नाना

घडणावळ नगावर लावते हे लय बरोबर हाय, असंच राहू दे. आम्ही टक्क्यावर घेत होतो, सगळा बाजारच घेत होता, पण तुह्यं म्हणणं खरं हाय, मजुरी कामाची असते, भावाची नाही.

तू वजनकाटा घेऊन जाशीन तं त्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हाय का पाह्यजो. गिऱ्हाइकासमोर वजन कर, पंख्याखाली नोको, हवेनं मिलिग्रॅमचा आकडा नाचते.

सोनझारीवाल्याइचं ते दगडवाचक भाऊ खरं बोलले. माह्या लहानपणी पहाटे साडेचार-पाचला त्या बाया आमच्या गल्लीत यायच्या, झाडूनं नालीची कड झाडायच्या, माती टोपल्यात भरून न्यायच्या. माह्या बापानं कधी त्याइले हटकलं नाही, म्हणे आपल्या हातून सांडलेलं त्याइच्या हाताले लागलं तं ते त्याइचंच. पेढीत लाकडी पाट अंथरलेला राहे, त्याच्या फटीतली धूळ वर्षातून एकदा त्याइलेच विकत.

सोनकडी_नागपूर

नाना, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बहिणीशी काल बोलले. आधी हिरमुसली, पण हिशेब_चोख ताईंचं वाचून दाखवल्यावर तिलाही पटलं. ती दागिने आणणार नाही, एकटीच येणार, तिच्या बेंचचे फोटो घेऊन. ती ज्यांचं सोनं घेते ती पेरूच्या आयाकुचो भागातली सांता फिलोमेना नावाची डोंगरातली वस्ती आहे, तिथल्या खाणकामगारांनी सोत्रामी नावाची स्वतःची कंपनी काढलीय. बहीण पाऱ्याची आणि प्रीमियमची माहिती मराठीत लिहून भिंतीवर लावणार, त्यात 'ग्रॅमला 2 डॉलर' हे मोठ्या अक्षरात. आणि खाली स्पष्ट लिहिणार की हे सोनं या प्रदर्शनातल्या दागिन्यांत नाही.

टेबलावर फक्त माझे 34 नग. बोर्ड नानांनी सांगितला तोच. प्रत्येक नगाखाली एक छोटं कार्ड ठेवायचं ठरवलंय, पहिलं काल लिहिलं, चुकलं असेल तर सांगा:

'डोरलं, 22 कॅरेट, 6.140 ग्रॅम. सोनं: नागपुरातल्या एका घरातली 1960 च्या दशकातली पाटली, मालकिणीकडून पावतीवर घेतलेली. कॅरेट बरोबर यावं म्हणून 0.310 ग्रॅम नवं 24 कॅरेट सोनं घातलं, ते बिस्किटातलं, त्याची खाण माहीत नाही. घडवायला अडीच दिवस.'

'खाण माहीत नाही' हे लिहावं की नाही यावर घरात काल बराच वाद झाला. नवरा म्हणतो कशाला उगाच, कोणी विचारलं तर सांग. मला वाटतं लिहावंच.

दगडवाचक

लिहाच. आणि ती भर घालायला पुढच्या वेळी एलबीएमए, म्हणजे लंडनच्या सोनेबाजाराच्या संघटनेच्या, यादीतल्या रिफायनरीचं सीलबंद बिस्किट घ्या, आपल्याकडे एमएमटीसी-पॅम्प ही रिफायनरी आहे, या यादीतल्या रिफायनऱ्यांना 2012 पासून सोनं कुठून घेतलं याचं दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं. फेअरट्रेडच्या तोडीचं ते नाही, पण कार्डावर निदान रिफायनरीचं नाव आणि बिस्किटाचा नंबर लिहिता येईल.

मनीषनगर_42

ताई, ते कार्ड वाचलं आणि मला माझं उत्तर मिळालं. आईची एक गोफ पडून आहे, मधे तुटलेली, साधारण 18 ग्रॅम. मुलीसाठी त्यातून काही करून द्याल का? कार्डावर आईचं नाव टाकायचं असेल तर माझी हरकत नाही.

सोनकडी_नागपूर

@मनीषनगर_42 नक्की दादा, पण विकत घेणार नाही, तुमचंच सोनं घडवून देईन, फक्त मजुरी घेईन. आधी टंच काढू तुमच्यासमोर, डाख किती आहे ते बघू, मग काय होईल ते सांगते. गाळायच्या आधी एकदा मुलीलाही घेऊन या, तिला ती गोफ हातात घेऊन बघू दे.

इतवारीचा_नाना

पोरी, माह्याकडे बापाच्या वेळची जंत्री, कसोटीचा दगड आन् तो फटीवाला पाट अजून माळ्यावर हाय. तुले प्रदर्शनात मांडाले पायजे असंन तं घेऊन जा, परत आणून द्यायची घाई नाही. रविवारी सकाळी ये, सासऱ्यालेही आण.